दहा बाय बारा, खिडकी एक

अण्णा, गिरगावातल्या त्या घराबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. वाडीचं नाव इथंही लिहीत नाही, ही सवय तुमचीच. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, ट्राम बंद, मोजणीला तुमचा टेप धरणारा माणूस आलाच नाही. कॉलेज बंद म्हणून घरी असलेली मी तुमच्याबरोबर परळहून चालत निघाले. तारण ठेवायच्या घराची किंमत काढायची होती. नेहमीसारखे तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबलात आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आम्ही फक्त भिंती बघायला आलोय." मला हसू आलं. भिंती बघायला कोण कुणाकडे जातं!

मागच्या खोलीत मी टेपचं टोक धरून कोपऱ्यात बसले आहे. गुडघ्याशी वेगळं ताट, वेगळा पेला, औषधाच्या बाटल्या. खाटेवर थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून खोकतोय. क्षय. त्याची आई दाराशी उभी. "हे कागदावर येणार का हो? धाकटीचं लग्न ठरतंय." तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत. "वहिनी, दहा बाय बारा, खिडकी एक. एवढंच येणार."

संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती, तिला मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही मोरीतून पाय धुऊन आलात. "त्यांनी दार आपल्या कामासाठी उघडलं. तुझ्या गप्पांसाठी नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. परत येताना डिलाईल रोडला मैत्रीण भेटली, तुम्ही पुढे चालत होतात, आणि मी तिच्याजवळ बोलून बसले होते. तिची मावशी त्याच वाडीतली, हे ठाऊक असून.

लग्न मोडलं. त्या घराचे मालक आपल्याकडे आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आत तुम्ही दोघंच आला होतात," म्हणाले आणि गेले. तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, "आईशिवाय कुणालाच नाही." तुम्ही आईकडे पाहिलंत. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "गेलं असेल माझ्याच तोंडून, नळावर."

त्यानंतर पाटावर बसून तिला वाकड्या जिन्यांच्या, गळक्या छपरांच्या गमती सांगणं तुम्ही कायमचं सोडलंत. किती हसायची ती. मी एकदा विचारलं, का गं असं केलंस? म्हणाली, "तुला त्यांच्याबरोबर परत जायचं होतं ना?" आणि तुम्ही नेलंतही. पुढे तुमचा टेप मला दिलात. त्यावर मी जन्मभर घरं मोजली, प्रत्येक उंबऱ्याबाहेर तुमचंच वाक्य म्हटलं. त्या धाकटीचं काय झालं, हे विचारायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

हे पत्र टेपच्या पिशवीत ठेवते आहे. तुम्ही समोर असतात तर सांगितलं असतं, असं शेवटी लिहिणार होते. पण ते खोटं आहे, अण्णा. त्यानंतर वीस वर्षं तुम्ही समोरच होतात.