दारातले चाळीस सेकंद

३ फेब्रुवारी
साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं — घरांतला ओला कचरा तीन नगरपालिका कशा उचलतात, त्याची तुलना करा. आमच्याकडे गाडीवरच्या मावशी दारोदार बादल्या घेतात. दुसऱ्या गावात कोपऱ्यावर कुलूपबंद पेटी. तिसऱ्यात घरोघरी खताचं पिंप, पालिका नुसती तपासायला येते.

७ फेब्रुवारी
दोन्ही गावं पाहून आले. पिंपात एकीने कांदे साठवलेत! पेटी मात्र झकास. कार्ड लावलं की झाकण उघडतं, वजन आपोआप. ना वास, ना कटकट. शिफारस ठरली — पेटी. आमच्या पद्धतीचा दोष लिहिला : ‘प्रत्येक दारात चाळीस सेकंद वाया. कर्मचारी बादलीत डोकावतात, गप्पा मारतात.’

९ फेब्रुवारी
बाबांचा फोन. एकटे राहतात, रोज सकाळी मी डबा पाठवते. “डबा संपवला गं, छान होता.” बरं वाटलं.

११ फेब्रुवारी
बाबांच्या गल्लीतल्या गाडीवरच्या मावशींचा फोन. माझा नंबर बाबांच्या दारावरच्या चिठ्ठीवरून घेतला. “ताई, राग मानू नका. चार दिवस तुमचा डबा बाबांच्या बादलीत येतोय. जसाच्या तसा.”
म्हणजे मी पहाटे उठून रांधायचं आणि ह्यांनी ते बादलीत ओतून मला थापा मारायच्या! तणतणत गेले. बाबा मान खाली घालून म्हणाले, “घास अडकतो घशात. एकटी किती धावशील? तुला कशाला आणखी घोर?” तिथूनच दवाखान्यात फोन लावून वेळ घेतली.

१४ फेब्रुवारी
अन्ननलिकेत गाठ. लहान आहे, काढता येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळेत आणलंत. लक्षात कुणाच्या आलं?” सांगितलं. मग बाहेरच्या बाकावर बसून मनसोक्त रडले.
मावशींचे हात धरले तर त्याच संकोचल्या. “अहो, बादली बघणं कामच आहे आमचं. कुणी प्लास्टिक घालतं, कुणी काय.” ह्यालाच मी दोष म्हटलं होतं. लाज वाटली.

२० फेब्रुवारी
शिफारस बदलली. पेटी चांगलीच आहे, पण ती कुणाच्या लेकीला फोन करणार नाही. साहेब म्हणाले, “दारोदारीचा फायदा आकड्यात दाखवा.”
लिहिलं — एक माणूस.

२६ फेब्रुवारी
ऑपरेशन नीट झालं. मावशी दवाखान्याच्या कोपऱ्यावर गाडी लावून बाबांची चौकशी करून गेल्या म्हणे.

१९ एप्रिल
मावशींचा फोन. आता पुन्हा काय, म्हणून घाईने उचलला.
“ताई, आज बाबांच्या बादलीत डब्यातलं काही नाही. नुसती सालं.”