विराक, विरार नव्हे

बाबा, मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. वाडीतल्या पाटाला पाणी सोडून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, आणि तुम्ही कापलेल्या केळीच्या खांबाची सोपटं सुटी करत बसला होतात. सोपटाची पट्टी लाकडी फळीवर ठेवून तुम्ही बोथट कोयत्याने तिचा गर खरवडता, मागे पांढरे धागे उरतात, ते बावखलाच्या, आपल्या वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यात बुचकळून माझ्या हातात देता. त्यांनी मी विड्याच्या पानांच्या जुड्या बांधायच्या. माझं लक्ष मात्र पानं गुंडाळायला आणलेल्या जुन्या पेपरात. एक जुडी सैल राहिली. तुम्ही ती उचलून हलवलीत आणि पानं मातीत पडली. "वाचून पोट भरतं का गं? भरत असेल तर उद्या बाजारात पेपरच नेतो." आई चुलीपाशी हसली. मी पानं गोळा करून पुसली आणि पेपराचा तो तुकडा परकरात खोचला. सातवीनंतर तुम्ही शाळा सोडवलीत, पण वाचन काही सुटलं नाही. सासरी मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग मुलीची पाठ्यपुस्तकं, आणि ती कॉलेजात गेली तेव्हा पापडीच्या वाचनालयाचं कार्ड काढलं.

तुमचे जावई जहाजावर होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्या खोलीत एक फिलिपिनो खलाशी असायचा, हे मात्र तुम्ही गेल्यानंतरचं. तो यांना म्हणायचा, तू विरारचा, मी विराकचा, आपण शेजारी. यांना ते इतकं आवडलं होतं की सुट्टीवर आले की जेवताना एकदा तरी सांगायचेच. मला वाटायचं, गंमत करतात, असं गाव नसणार. ते वारले, त्यानंतर मी वाचनालयात नकाशा मागितला. गाव होतं. फिलिपिन्सच्या पूर्व कडेला समुद्रात कातांदुआनेस नावाचं बेट, तोच एक प्रांत, आणि त्याचं मुख्य गाव विराक. मी त्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले. मग त्या बेटाबद्दल मिळेल ते वाचत गेले. मराठीत फारसं नव्हतं. इंग्रजी शब्दकोश घेऊन बसायचे, आणि अडलं की मुलीला फोन.

वाचनालयात आम्हा बायकांची महिन्यातून एक दुपार असते. दर वेळी एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. माणसं कमी झाली होती. कार्यवाह भाऊंनी स्पष्टच सांगितलं, "ताई, या वेळी हॉल भरला नाही तर ती दुपार शिकवणीच्या क्लासला देणार. तुम्ही केळफुलाच्या भाजीवर बोला, बायका येतील." हे गेल्यापासून ती दुपार हाच माझा बाहेर पडायचा दिवस. तरी मी म्हटलं, मी विराकवर बोलणार. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहूनही आले, 'विराक : माणसं, धंदे आणि प्रवास'.

त्या दिवशी हॉलमध्ये शिरले तर बसायला जागा नाही. पुरुषसुद्धा आलेले, विरारजवळच्या तुळिंजहून एक घोळका, कुणाच्या हातात पाण्याच्या टँकरच्या पावत्या. मला कळेना. मग शेजारची बाय कानाशी आली. "फळ्यावर विरार लिवलंय गो." भाऊंना वाटलं होतं माझी चूक झाली, म्हणून त्यांनी 'क' पुसून 'र' केला होता.

मी उभी राहिले, आणि सांगून टाकलं की हे विरार नाही, विराक आहे. मागून एक जण म्हणाला, "मावशी, मग पाण्याचा विषय कधी येणार?" मी म्हटलं, "येईल की. बेट आहे, चारही बाजूंनी पाणीच आहे." सगळे हसले. तुळिंजचे दोघं उठले होते, ते दाराशी थांबले.

मग मी सांगत गेले. महासागरातलं वादळ आधी या बेटावर येतं, म्हणून माणसं छपरं दोरांनी बांधून ठेवतात, आणि वादळ गेलं की परत भात लावतात. सकाळी पाव खातात, रविवारी देवळात जातात. इथले ख्रिस्ती म्हणतात तसं चर्चला मी देऊळ म्हटलं, तशी बाय म्हणाली, "म्हंजे आपल्यावानीच." घरोघरी कुणीतरी परदेशात कामाला, जहाजावर नाहीतर इस्पितळात. खाडीतले खेकडे, आपल्या चिंबोऱ्या, नावाजलेले. आपल्या कळंबसारखा एक किनारा आहे, पण तिथे लाटेवर फळी घेऊन उभं राहायला परदेशातून लोक येतात, आणि गावातली घरं त्यांना खोली देतात, नारळाच्या रसातली मासळी वाढतात. आणि बेटाचं मुख्य पीक अबाका. फोटो पाहून मी ती केळच समजले होते. तेच पान, तसाच खांब. तिची केळी चवीला कशी, ते शोधण्यात माझा आठवडा गेला, आणि उत्तर मिळालं की ती कुणी खातच नाही. ती लावतात खांबातल्या वाखासाठी, म्हणजे धाग्यांसाठी. जहाजाचे मनिला दोर त्याचेच.

कुणाच्या तरी सुनेने विचारलं, "केळीच्या खांबातून दोर कसा निघेल?" मी पिशवीतून सोपट आणि कोयता काढला. टेबलावर पट्टी ठेवली, खरवडली, ओढली. धागे लांब निघाले. हॉल उठून पुढे आला. मघाशी पाण्याचं विचारणारा तो तुळिंजचा पाणीवाला म्हणाला, "मला द्या, मावशी." त्याचे तुटले. "जोर लावू नका, कोयता आडवा धरा," मी म्हटलं. भाऊंचेही तुटले, तिसऱ्या वेळी निघाले, तेव्हा ते लहान मुलासारखे सगळ्यांना दाखवत फिरले. दिवे लावायची वेळ झाली तरी कुणी जाईना. "पुढच्या वेळी फळ्याला हात लावणार नाही," जाताना भाऊ म्हणाले. "दुपार तुमचीच." पाणीवाल्याने विचारलं, पुढचं गाव कोणतं, त्याच्या बायकोला आणायचं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायचं मन होत नाही. त्या टेबलापाशी मला तुमची आठवण झाली नाही, बाबा. यांचीही नाही. कोयता चालत होता, लोक विचारत होते, मी उत्तर देत होते. घरी येऊन दार उघडल्यावर आठवलं की दुपारभर मी कुणाचीच विधवा नव्हते. आता वाईट वाटेल म्हणून दारातच थांबले. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसू नका, चालत नाही." परत काढावा लागला.