काटा थांबत नव्हता

नाना, गेल्या पंधरवड्यात मी माझा तो शोधनिबंध मागे घेतला. ज्याची बातमी पेपरात आली होती आणि जिचं कात्रण तुम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात बाळगत होतात, तोच. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. घरात हे सांगण्यासारखं कुणी नाही. आईला आता कमी ऐकू येतं आणि जे ऐकू येत नाही ते चांगलंच असेल असं ती धरून चालते. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतात. साक्रीकडच्या खेड्यातून सातवी शिकून आलेला माणूस, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर हे प्राध्यापकही तुम्हालाच विचारत. शनिवारी शाळा सुटली की मी थेट तिथे यायची. जस्ताचे तुकडे, त्यावर आम्ल, वर उलटी धरलेली परीक्षानळी. तुम्ही काडी ओढता, नळीच्या तोंडाशी नेता आणि 'फट्' असा आवाज होतो. "ऐकं का? हाऊ हायड्रोजन शे. दिसस नही, वास येस नही." एकदा तुमचं लक्ष नसताना मीच काडी ओढली, आणि तुम्ही माझ्या हातावर अशी चापट मारलीत की काडी लांब जाऊन पडली. "पहिले दख, मंग काडी लाव!" आयुष्यात एवढा एकच मार मी तुमच्याकडून खाल्ला. नवा सिलिंडर आला की तुम्ही दाढीच्या जुन्या ब्रशने त्याच्या सांध्याला साबणाचा फेस लावायचात आणि वाकून बघत बसायचात. फुगा आला तर गळती. प्राध्यापक मागे घड्याळ बघत उभे, मुलं खोळंबलेली. तुमची नजर हलायची नाही.

मी जळगावला संशोधनाला लागले तेव्हा काय करते हे तुम्हाला पटकन समजलं होतं. हायड्रोजन जाळला तर मागे फक्त पाणी राहतं, धूर नाही. पण तो साठवायचा म्हणजे प्रचंड दाब हवा नाही तर भयंकर थंडी. आम्ही कोळशाला इतकी बारीक छिद्रं पाडत होतो की वायूचे रेणू त्यांत आपणहून चिकटून बसावेत. कोळसा कशाचा करायचा यावर चर्चा चालू असताना तुम्ही गावाहून पऱ्हाट्यांचा, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांचा, भारा बांधून एसटीने घेऊन आलात, अंगभर ओरखडे. त्याच पऱ्हाट्या आम्ही हवा न लागू देता भट्टीत भाजल्या, आणि त्यांच्याच कोळशाने पुढे पेपरात आलेला तो आकडा दिला. पोलादी डबीत कोळसा ठेवायचा, मोजून हायड्रोजन सोडायचा, आणि दाब जितका उतरेल तितका वायू कोळशाने धरला असं समजायचं. आमचा दाब इतका उतरला की माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही आलात. दुपारची वेळ, तुमच्या हातात डबा, आईने दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्याच दिवशी मुंबईहून दोन पाहुणे यंत्र बघायला आलेले. तुम्ही दाराशी चपला काढल्यात, मी नको म्हणत असताना. सर पाहुण्यांना समजावत होते आणि तुम्ही एका बाजूला उभे राहून दाबमापकाकडे बघत होतात, बराच वेळ. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "काटा थांबस नही, पोरी. कोठे तरी गळी राहिनं. साबननं पानी लाई दख." एक पाहुणा हसला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाना, हे तुमच्या कॉलेजातलं यंत्र नाही. बाहेर बसा." तुम्ही बाहेर जाऊन बाकावर बसलात. तासाभराने मी आले तेव्हा डबा बाकावर होता आणि तुम्ही धुळ्याच्या गाडीने निघून गेला होतात.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकटी असताना साबणाचं पाणी केलं. डबीच्या झाकणाखालच्या सांध्यावर एक फुगा आला. मोहरीएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा. मी सांधा आवळला आणि पुन्हा मोजलं. काटा थोडा उतरला आणि थांबला. कोळसा हायड्रोजन धरत होता, पण नाव घेण्याइतकाही नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वारंवार वापरून नमुना बिघडला असेल. पहिलाच आकडा ठेवा." मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. निबंध छापून आला, बातमी आली, नोकरी लागली. पुढच्या हिवाळ्यात तुमच्या छातीत पाणी झालं. धुळ्याच्या दवाखान्यात तुम्ही नर्सला ते कात्रण दाखवत होतात, "मनी पोर शे." ती गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच विचारलंत, "काटा थांबना का मंग?" मी म्हटलं, "थांबला, नाना." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ते पटलं की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पुढे माझ्याकडे पीएचडीला एक मुलगी आली, चोपड्याच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या पाड्यावरून इतकं शिकलेली ती पहिलीच. तिला माझ्याच कोळशावर पुढचं काम करायचं होतं, आणि मी तिला अडवलं नाही. तिला कुणी साबणाचं पाणी शिकवायची गरज नव्हती. तिचा एकही सांधा गळत नव्हता. त्यामुळे तिचा आकडा माझ्या आकड्याच्या आसपासही येईना. तीन वर्षं तिने कोळसा भाजला, धुतला, वाळवला, पुन्हा भाजला. "मॅडम, माझाच हात वाईट असेल," म्हणायची. मी म्हणायची, "अजून एकदा करून बघ." मग एका सकाळी ती अर्ज घेऊन आली. "मी सोडते, मॅडम. मला हे जमत नाही." ते वाक्य ऐकून मात्र मला बसवेना. मी तिला सांगितलं, चूक तुझी नाही, माझा आकडा खोटा आहे, यंत्र गळत होतं. तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात."

निबंध मागे घेताना मी तेच लिहिलं, की गळती अलीकडे लक्षात आली. ती मात्र थांबली नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेली. आता पिंपळनेरजवळ आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. हे पत्र खरं तर तिला जायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. पण ते तुमच्या नावाने लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.

जाताना तिने फोनवर दोन ओळी पाठवल्या होत्या: मॅडम, तुम्ही स्वतःहून खरं सांगितलंत, म्हणून माझ्या मनात राग नाही. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. पण तो मेसेज मी रोज उघडून वाचते, नाना, आणि वाचला की मला बरं वाटतं.