नावं ठेवायची पैज

घाटंजी, ४ नोव्हेंबर

तू शिवून धाडलेले हातमोजे परत पाठवून राह्यली. दहा जोड आले होते, नऊ आहेत. दहावा आपल्या वावरात वेचणाऱ्या पुष्पानं चुलीवरचं भगोनं उतरवाले ठेवून घेतला. त्या कामाले बरा आहे म्हणते.

चि. सुरभीस आजीचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो आजी, हो आजी करते, म्हणून कागद. कापूस वेचताना बायांच्या बोटांले सुक्या बोंडाची टोकं टोचतात, त्याच्यावर तुले काही नवं शोधायचं आहे, कॉलेजात त्याचीच परीक्षा आहे, इथवर मले समजलं. बायांनी मोबाइलसमोर लय मस्त, लय मस्त म्हटलं, तेही पाह्यलं. पण तू मालकाची नात, अन् वरून आलूबोंडे पाठवलेले. तुले नावं कोण ठेवंन? मोबाइल बंद झाला तसे सारे मोजे कापसाच्या पऱ्हाटीवर लटकले. मी तिसरीपर्यंत शिकली, पण एवढं मले वाचता येते.

माया आहे, ती मागू नको.
तुझी आजी, विमल

नागपूर, ९ नोव्हेंबर

ती. आजीस सुरभीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग मेसमध्ये जेवले. आमचे सर म्हणतात, नवं सुचायची सवय डोक्याला लावता येते. म्हणून रोज सकाळी वीस कल्पना लिहिते, डाव्या हाताने चित्रं काढते, वस्तू उलटी धरून बघते. वही भरली, पण सर म्हणाले, वीसच्या वीस शिळ्या. अठ्ठावीस तारखेला शेवटचं सादरीकरण आहे. नापास झाले तर वर्ष पुन्हा, आणि बाबांनी सांगितलंय की पुन्हा वर्ष म्हणजे सरळ घरी. आजी, बायांना म्हण ना, खरं काय ते सांगा.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
सुरभी

घाटंजी, १६ नोव्हेंबर

चि. सुरभीस अ. आ.

खरं सांगा म्हटल्यानं कोणी खरं सांगते काय, बावळट? दुपारच्या भाकरीले बसलो तेव्हा मी पैज लावली. मोज्याले जी सगळ्यात वाईट नावं ठेवंन, तिले बरणीभर लोणचं. मग सुटल्या! हंसा म्हणे, बोटं बहिरी होतात, हाती बोंड आलं का पान, तेच कळत नाही. पुष्पा म्हणे, सारा कापूस मोज्यालेच चिकटते, आता मोजाच वजनाले टाका. तिसरी म्हणे, हे शिवणाऱ्यानं जन्मात कापूस वेचला नाही. टोचते नखाच्या बुडाशी, अन् यानं झाकला तळहात. तिले लोणचं देल्लं.

मग मी त्यायची बोटं पाह्यली. अंगठ्याले अन् दोन बोटांले चिंध्या, नखाच्या बुडाशी बांधलेल्या, शेंडे मोकळे. चाळीस वर्षं यायच्या संग वेचून राह्यली, पण मलेही आताच दिसल्या. चिंधी घसरते, घडीघडी बांधा लागते, एवढंच दुखणं. तुले मोजा नाही, न घसरणारी चिंधी करायची आहे. चोवीसच्या रविवारी ये. एक तास वेच, मग डोकं चालव. वही अन् मोबाइल तिकडंच ठेव.

आशीर्वाद आहे, चिवडा नाही.
विमल

नागपूर, २९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पास झाले! रविवारी तुझ्याकडे तासभर वेचून मग केलेली, पायमोज्याच्या वरच्या लवचीक पट्टीची, शेंडे मोकळे ठेवणारी बोटांची टोपणं सरांना दाखवली. पहिली तीन पुष्पाकाकूंनी फेकली आणि चौथं दुपारपर्यंत काढायला विसरल्या, हेही सांगितलं. सरांनी विचारलं, हे कोणत्या पद्धतीने सुचलं? मी म्हटलं, शिव्यांच्या. त्यांना ती पद्धत पुढच्या वर्गाला शिकवायची आहे. आजींनी टिपण लिहून द्यावं म्हणतात.

लोभ आहेच, थोडा गोड कर.
सुरभी

घाटंजी, ४ डिसेंबर

मी कायले टिपण लिहू?

चि. सुरभीस अ. आ. पास झाली, बरं झालं. आता टोपण हंसाले सैल होते म्हणते, म्हणजे काम संपलं नाही. सराले सांग, कागदावर उतरवलं की तेही त्या वीस कल्पनांसारखं शिळं होईन. शिकायचं असंन तर इथं या म्हणा, टोपी आपली आणा.

अन् या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाही. सरानं लिहायचं, आधी एक तास कापूस वेचून, मग त्याच हातानं.

विमल