क्विल गेला, ड्युनेडिनला अजून तीन आठवडे

ऑकलंड
शुक्रवार, २ ऑगस्ट १९६८

ती. बेरिलताईस,
नोएलीनचा सा. न. वि. वि.

बाबा आसपास असतील तर हे पत्र एप्रनच्या खिशात घाल आणि कोंबड्यांना दाणे टाकायचं निमित्त करून परसात जाऊन वाच.

काल टीव्हीवर 'नेपच्यूनपलीकडे'मध्ये म्हातारा क्विल गेला. हो, बाबांचा लाडका मिस्त्री क्विल. यानाची वाफ गळायला लागली म्हणून तो पाना घेऊन बाहेर गेला, झडप बंद केली, आणि मागे वळून बघतो तर कप्तानाने दार लावून घेतलेलं! यान वाचवायचं होतं म्हणे. क्विलने काचेतून नुसता पाना हलवला आणि गेला तरंगत. मी मटणाचा रस्सा करपवला. फ्रँक तर हमसून हमसून रडला आणि वर मला सांगतो, कांद्यामुळे. कांदा आदल्या दिवशीच संपला होता.

आपल्या घरचा नियम मी मोडते आहे, हे मला कळतंय. इकडे दाखवलेल्या भागातलं अक्षरसुद्धा तिकडे दिसेपर्यंत लिहायचं नाही. गेल्या वर्षी कप्तानाच्या साखरपुड्याबद्दल माझ्याकडून अर्धं वाक्य निसटलं, तर बाबांनी पत्र उलटटपाली परत पाठवलं होतं. पण तू टीव्हीकडे पाठ करून विणतेस, म्हणून तुला सांगायला हरकत नाही. चित्रफितीचा तो डबा आता आठवड्याला एक शहर करत वेलिंग्टनला जाईल, मग क्राइस्टचर्चला, आणि बावीस तारखेच्या गुरुवारी तुमच्या घरात फुटेल.

ताई, मला भीती क्विलची नाही, पत्रांची आहे. आपण प्रोटेस्टंट आणि मी कॅथलिकाशी लग्न केलं, त्याला नऊ वर्षं झाली. पहिली सात वर्षं बाबांनी मला एक ओळ लिहिली नाही. मग ही मालिका आली, आणि एके दिवशी ध्यानीमनी नसताना दोन पानांचं पत्र, की त्या यानाचा बॉयलर उलटा बसवलाय, तुझ्या लक्षात आलं का! तेव्हापासून दर आठवड्याला एक पत्र. त्यात मुलांचं नाव नसतं, फ्रँकचं तर नाहीच नाही, सगळा क्विल. पण अक्षर बाबांचं असतं गं. क्विल गेला की बाबांची मालिका बंद आणि मालिका बंद की पत्रं बंद. काहीतरी कर. त्या दिवशी टीव्ही बिघडव.

इकडे म्हणशील तर सगळं शहर खुळावलंय. आमच्या खाटकाने दंडाला काळी फीत बांधलीय. त्याच्या दुकानात आज अर्धा तास एकानेही मटण मागितलं नाही, सगळे कप्तानाला शिव्या घालत उभे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नोएलीन


ड्युनेडिन
गुरुवार, ८ ऑगस्ट १९६८

चि. सौ. नोएलीन हिस,
बेरिलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र कोंबड्यांच्या खुराड्यात बसून वाचलं. बाबांनी विचारलं की तिथे एवढा वेळ काय करत होतीस. मी म्हटलं, पांढरी आजारी आहे. आता ते रोज सकाळी त्या धडधाकट पांढरीला एरंडेल पाजतात. हे पाप तुझ्या माथी.

टीव्ही बिघडव म्हणे! चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर जोडलेला माणूस आहे तो. सोमवारी मी टीव्हीच्या मागून आतला एक काचेचा दिवा सैल करून पाहिला. बाबा आले, पेटीला कान लावला, दिवा बसवला आणि मलाच विचारलं, पुसताना एवढा जोर कशाला लावतेस. ओमारूला मावशीकडे जाऊ म्हटलं, तर तिच्याकडे टीव्ही नाही म्हणून नको. फोन आपल्याकडे नाही, आणि असता तरी बाबा त्याच्यावर बोलले नसते.

तुझी भीती खोटी नाही, हेही सांगून टाकते. गेल्या गुरुवारीच शेजारच्या मिसेस पॅस्को म्हणाल्या की म्हातारी पात्रं शेवटी मारतातच. त्या दर गुरुवारी चीज रोल घेऊन येतात म्हणून बाबा त्यांना सहन करतात, पण त्या दिवशी रोल खाल्ला नाही. क्विलला हात लावला तर त्या पेटीवर चादर घालीन आणि चर्चच्या जत्रेत देऊन टाकीन, असं सगळ्यांसमोर बजावलं. बाबांनी बजावलेलं ते करतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तेव्हा मी नुसती बघत बसणार आहे. विणकाम मात्र त्या दिवशी हातात धरणार नाही. टाके चुकतील.

मुलांना पापा. तुझ्या त्या रडक्यालाही माझी आठवण सांग.

तुझी,
बेरिल


ऑकलंड
मंगळवार, १३ ऑगस्ट १९६८

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

पांढरीची माफी माग.

इकडे आता दोन तट पडलेत. एक म्हणतो क्विल गेला, दुसरा म्हणतो मढं दाखवलं का? पोशाखात सहा तासांची हवा असते, हे तिसऱ्या भागात सांगितलं होतं. आमच्या गल्लीत या दोन तटांच्या बायका एकमेकींच्या दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत. शनिवारी 'गेला'वाल्यांनी टीव्हीच्या कचेरीसमोर पुष्पचक्र वाहिलं. 'येईल'वाल्यांनी त्याला हरकत घेतली आणि शेजारी गरम चहाचा थर्मास ठेवला, क्विल दमून येईल म्हणून. पहारेकरी तो चहा प्यायला, तर त्याच्याविरुद्ध अर्ज गेलाय. मीही सही केली. मी कुठल्या तटात आहे ते माझं मलाच समजत नाही.

फ्रँक रोज विचारतो की तुझे वडील हे कसं सोसणार. मी त्याला सांगितलं, तू यात पडू नकोस. नऊ वर्षांत त्या घराने तुला खुर्ची दिली नाही. तर म्हणतो, खुर्चीचं काय एवढं, म्हातारा एकटा आहे ना. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. बंदरावर माल मोजायला जाताना मान खाली घालून पुटपुटत असतो.

बाबांचं कालचं पत्र दोनदा वाचलं. क्विलला आता बढती मिळणार बघ, असं लिहिलंय. मला तिसऱ्यांदा वाचवेना.

माया असू दे,
नोएलीन


ड्युनेडिन
सोमवार, १९ ऑगस्ट १९६८

चि. सौ. नोएलीन हिस,
आशीर्वाद राहिले बाजूला. तुझ्या नवऱ्याने काय करून ठेवलंय?

शुक्रवारी सकाळी बाबांच्या नावाने तार आली. जशीच्या तशी उतरवते: आपला जुना मित्र गेला. आम्हालाही फार दुःख झाले. आपण एकटे नाही. फ्रँक डूली.

बाबा खालीच बसले. आधी मला वाटलं, सहीमुळे. पण नाही. त्यांचा एकच प्रश्न, कोण गेलं? मला सगळं कळलं होतं, पण बोलू कशी? खरं सांगावं तर क्विल गेला हे सहा दिवस आधी सांगितल्यासारखं, आणि न सांगावं तर म्हातारा वेडा होतोय. मी म्हटलं, तारेत चूक झाली असेल. तर म्हणाले, मेलेल्या माणसात चूक होत नसते.

टोपी घातली आणि निघाले. शुक्रवारी तीन घरं झाली, शनिवारी दोन. कारखान्यातले जेवढे जुने सोबती उरलेत, त्या सगळ्यांची दारं ठोठावली. ज्याने दार उघडलं त्याच्याकडे नीट बघायचं, जिवंत आहेस बरं, म्हणायचं आणि चालू पडायचं. एकाची बायको दोन दिवस रडतेय, की हेक्टर गोर्लीला, म्हणजे आपल्या बाबांना, तिच्या नवऱ्याच्या मरणाचं स्वप्न पडलं असणार. शेवटी उरला विल्फ मॅनसन. त्याच्याशी अकरा वर्षं अबोला आहे, पाना कोणाचा यावरून. काल बाबा त्याच्या फाटकाशी पाऊण तास उभे होते. शेवटी विल्फच बाहेर आला आणि म्हणाला, माझं फाटक मोजतोयस का? बाबांनी त्याला चक्क मिठी मारली. विल्फला वाटलं, भांडण हातघाईवर आलं. त्याने बाबांच्या नडगीवर काठी हाणली.

आता दोघं आमच्या स्वयंपाकघरात बसलेत. नडगीला थंड पाण्याची पट्टी आहे आणि गेलं कोण याचा विचार चालू आहे. विल्फ गुरुवारीही येणार आहे.

फ्रँकला विचार, मोजतो कसा तो?

बेरिल


ऑकलंड
बुधवार, २१ ऑगस्ट १९६८

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. बोटांवर मोजून दाखवलं त्याने: ऑकलंड एक, वेलिंग्टन दोन, क्राइस्टचर्च तीन, म्हणजे तीन आठवडे झाले, म्हणजे तिसऱ्या गुरुवारी, पंधरा तारखेला ड्युनेडिन! जिथून निघायचं तिथलाही आठवडा धरून बसला. आयुष्यभर लोकरीचे गठ्ठे मोजले आणि चार शहरं मोजता आली नाहीत. घोडं नेहमी वरातीमागून येतं, आमचं आठवडाभर आधी जाऊन मांडवात उभं राहिलं.

नाव न घालता मोघम का लिहिलं विचारलं, तर म्हणतो की बाबा वाचताच ओळखतील असं वाटलं, शिवाय सरळ क्विल गेला असं लिहायला हात धजेना.

मी त्याला नको नको ते बोलले. तो परसात जाऊन लाकडं फोडत बसला. पुढच्या दोन हिवाळ्यांची फोडून झाली असतील. मला त्याची दया येते गं, आणि रागही येतो. जे थोडंसं जुळत होतं ते याने चांगुलपणाने तोडलं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा उद्याचा गुरुवार होऊन गेलेला असेल. काय झालं ते लगेच लिही, वाईट असलं तरी लिही.

नोएलीन


ड्युनेडिन
शुक्रवार, २३ ऑगस्ट १९६८

चि. सौ. नोएलीन हिस,
अनेक आशीर्वाद.

लगेच लिहिते आहे. बाबा बागेत आहेत.

काल खोली भरली होती. विल्फ बाबांच्या शेजारी, पण खुर्ची जरा तिरकी करून, म्हणजे समेट झाला असं कोणाला वाटू नये. क्विल बाहेर निघाला तेव्हाच बाबा पुढे सरकले. दार बंद झालं तेव्हा मिसेस पॅस्कोंनी चीज रोलचं ताट मांडीवरून पाडलं. विल्फने कप्तानाला जी शिवी दिली ती या घरात आईच्या पश्चात पहिल्यांदाच ऐकू आली. कोणी म्हणालं, नट आहे हो, नाताळपर्यंत दुसऱ्या कशात दिसेल. कोणी म्हणालं, सुंदर मेला.

मग बाबा उठले, टीव्ही बंद केला आणि पलंगपोस आणून त्याच्यावर घातला. कपाटावरची ती तार घेतली, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचली. बराच वेळ वाचत होते, तीन तर ओळी आहेत. विल्फने विचारलं की आता कळलं का कोण गेलं ते. बाबा त्याला म्हणाले की तू घरी जा.

मग न राहवून मीच त्यांना सगळं सांगितलं. तुझी भीती सांगितली, फ्रँकची मोजणी चुकली असणार हे सांगितलं, सैल केलेला दिवासुद्धा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि झोपायला गेले; फ्रँकची बोटं आज सकाळी तुझं पत्र आल्यावर सांगितली. आज शुक्रवार, दर शुक्रवारी ते तुला लिहायला बसतात. आज दौत काढली नाही. मला खोटी आशा दाखवता येत नाही, बाई. मन घट्ट कर.

तुझी,
बेरिल


ड्युनेडिन
रविवार, २५ ऑगस्ट १९६८

चि. फ्रँक यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी तार पोचली. नको तेव्हा पोचली. निघतो ते ठिकाण मोजायचं नसतं. विल्फ मॅनसन म्हणतो, तुझ्यासारखा माणूस आमच्या कारखान्यात असता तर एक इंजिन कमी भरलं असतं. मी त्याला म्हटलं, तो आमच्या घरचा माणूस आहे, त्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन.

तुझ्यापायी मी सहा घरं हिंडलो आणि नडगी फोडून घेतली. सगळे जिवंत आहेत. विल्फचा गुडघा गेलाय. ते मला ठाऊक नव्हतं.

आता क्विलचं. मुख्य मिस्त्री एकटा बाहेर जात नाही. बरोबर दुसरा माणूस असतोच, आणि त्या दुसऱ्याने दाराला पाय लावून उभं राहायचं असतं. आमच्याकडे हा नियम होता. लिहिणाऱ्याला कळत नाही आणि कप्तानाला लाज नाही. मी ती मालिका पुन्हा बघणार नाही. टीव्ही चर्चच्या जत्रेत देऊन टाकला. विल्फ रागावलाय.

गुरुवारी खोलीत नऊ माणसं होती. कोणी म्हणालं नट आहे, कोणी म्हणालं खोटं आहे. माझं कोणी गेलं, हे त्यातल्या एकालाही वाटलं नाही. ते वाटलं फक्त तुला, आणि तेही आधी. नऊ वर्षं मी तुला दार उघडलं नाही. ते चुकलं. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा नीट वाचून घे आणि नोएलीनलाही दाखव.

तिला धास्ती आहे की आता पत्रं थांबतील. लिहायला विषय उरला नाही, हे खरं. मला दुसरं काही लिहिता येत नाही. म्हणून तू लिही. बंदरात कुठली जहाजं लागली, त्यांचे बॉयलर कसे आहेत, मुलांची नावं काय आणि कोणाला किती दात आले. बेरिलने सांगितलं होतं, पण मी ऐकल्यासारखं केलं नव्हतं. मी उत्तर देईन आणि चुकाही काढीन. धर्माचं तू लिहू नकोस, मीही लिहिणार नाही.

नाताळात चौघं या. खुर्च्या आहेत.

लोभ जमेल तेव्हा जमेल, पत्र मात्र दर आठवड्याला यावे.

तुझा सासरा,
हेक्टर गोर्ली