आई मिरजेत, कार्ड साताऱ्यात

१४ ऑगस्ट, मिरज
आई सकाळी गोठ्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गावानं तिला थेट मिरजेला आणलं. आमच्याकडे काही मोडलं की मिरज, त्यात विचारायचं काय! मी साताऱ्याहून दुपारी पोचले. डॉक्टर म्हणाले, शनिवारी सकाळी ऑपरेशन करू, उशीर झाला तर अंथरूण धरतील.
तशी खर्चाची काळजी नाही. आबा निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांच्या योजनेच्या कार्डावर आईचंही नाव आहे. काउंटरवर म्हणाले, "कार्ड द्या, आम्ही इथूनच कळवतो."
कार्ड आबांच्या खिशात. आबा साताऱ्याच्या एसटीत. "आदी सैनिकांच्या हापिसात रिपोर्ट, मग इलाज," म्हणून आईला पोचवून तसेच निघाले. कराडजवळ कुठेतरी आमच्या एसट्यांनी एकमेकींना ओलांडलं असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आबांचा फोन. ऑफिस बंद झालेलं. उद्या झेंडावंदन, मग शनिवार-रविवार.
"आबा, कार्ड घेऊन परत या. कळवायचं इथूनच असतं."
"वर्दी दिल्याबिगर कार्ड वापरायचं? ही फसवणूक झाली. सोमवारी रिपोर्ट करतो."
"मग आत्ता मी भरते."
"लेकीचा पैसा? तुज्या दारात पाणी पेताना इचार करतो आमी."
मी एकुलती. मुलगा असता तर चाललं असतं. मुक्काम कुठे, विचारलं. पलटणीतल्या जोडीदाराकडे! माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

१५ ऑगस्ट
संपादकांचा फोन. माझा लेख 'देशोदेशींची आरोग्यव्यवस्था', त्यात तक्ता हवाच. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. इंग्लंड: पैसा करातून, उपचार फुकट, पण आधी आपल्या भागातल्या डॉक्टरची चिठ्ठी, मग रांग. (आबांना तिथे फार करमलं असतं.) जर्मनी: आजारपणाची पेटी, म्हणजे विम्याचा फंड, वाटा कामगाराचा आणि मालकाचा. जपान: विमा सक्तीचा, दर सरकार ठरवणार, दवाखाना आपल्या मर्जीचा. थायलंड: बहुतेकांचा भार सरकारी तिजोरीवर. भारत: पुढे काय लिहू? योजना आहेत. कार्डंही आहेत. आणि आबा आहेत.
मावशी जीपभर माणसं घेऊन आईला बघायला आली. मधुमेहाच्या पेशंटला पेढे! वर सल्ला, "हाड बसवणारा हाय लोणंदला, पाला बांधतो. चिरायचं कशाला?" मग माझ्याकडे वळून, "तू लिवतीस न्हवं गं? मग सरकारला एक पत्र टाक की." सगळ्यांना चहा मीच आणला. चडफडत.
माणसं गेल्यावर आई म्हणाली, "काय लिवतीस एवढं?" सांगितलं.
"त्या जर्मनीत लेकीचं पैसं चालत्यात व्हय?"
"तिथे पेटीतून येतात, आई. लेकीकडे मागावेच लागत नाहीत."
"आन आपल्या पेटीची किल्ली सातारला." हसताना कळ आली, ओठ आवळले तिनं. मग हात पुढे केला. "ह्या पाटल्या इकत घे माज्याकडनं."
"आई, काहीतरीच."
"घे म्हंते न्हवं! मग पैसा माजा झाला. माज्या पैशानं माजं हाड."
विट्याच्या मामानं तिच्या लग्नात स्वतः सोनं आटवून केलेल्या त्या पाटल्या. मी कधी तिचं मनगट मोकळं पाहिलं नव्हतं. घेतल्या. म्हणजे तोंडी. हातात तिच्याच ठेवल्या.
तक्ता तसाच. लेकीला पाटल्या विकून, हे कुठल्या रकान्यात घालतात?

१६ ऑगस्ट
सकाळी पैसे भरले. आत नेण्याआधी सिस्टरनं साबण लावून पाटल्या उतरवल्या. आई मला म्हणाली, "भाव बरा दिलास न्हवं? तुजा बाप इचारंल." मी मान हलवली. स्ट्रेचर हललं, तशी बोटं माझ्या बोटांतून सुटली.
मग आबांचा फोन. "आईला म्हनावं धीर धर. सोमवारी सकाळी पयला नंबर माजा."
"आबा, तिला आत नेलंय."
"पैसं कुनी भरलं?"
"आईनं."
"तिच्याकडं कुठलं आलं?"
मी फोन ठेवला. आबांचा फोन आजवर कधी असा ठेवला नव्हता.
दाराबाहेर बसून हे लिहिते आहे. पाटल्या रुमालात बांधल्यात, रुमाल साबणानं ओला. आतून अजून कुणी बाहेर आलेलं नाही. फोन पुन्हा वाजला, उचलून कानाला लावलाय. आबा. मागे एसटीचा भोंगा ऐकू येतोय; इकडे निघालेत, की मलाच तसं...