पुढं टाकलेला दगड

नांदूरघाट,
ता. ३ मार्च २०२५

चि. योगिता फौजदारीणबाई हिला आबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा भर दुपारी मला लहानपणचा आवाज ऐकू आला. शाळेच्या पडवीत आम्ही पोरं कविता चालीवर म्हणतोय आणि पलीकडच्या माळावर माझा बाप गोफण फिरवतोय. सूंऽ सूंऽ आणि मग फट्ट! कधी यमक आणि फटका एकदमच पडायचा, मग अख्खा वर्ग हसायचा. गुरुजी म्हणायचे की धोंड्याच्या बापाला आपल्यापेक्षा ताल जास्त कळतो.

ती गोफण बापानं मला शिकवली, मी सटवाला. दगड मेंढरावर मारायचा नाही, मेंढराच्या पुढं टाकायचा. पुढं धूळ उडाली की मेंढरू बुजतं आणि कळपाकडं वळतं. दसऱ्याच्या सुमारास माजलगावकडं उसाच्या रानात आपल्या मेंढरांचा वाडा बसला होता. कोकरं गाडीत भरणारा चोर पळाला, तेव्हा तुझ्या ह्या चुलतभावानं त्याच्याही पुढंच दगड टाकला. सटवाला वाटलं, हाही वळेल. माणूस वळतो होय गं? तो आणखी जोरात धावला आणि दगड कानशिलावर बसून जागीच गेला. सटवा स्वतःच्या पायानं ठाण्यात गेला, दगड माझाच म्हणाला, तेव्हापासून आत आहे. जामीन दोनदा फेटाळला.

आणि आता तुझ्या गोळीनं माणूस गेल्याचं पेपरात आलंय, फोटोसकट. पारावर पोरांनी फटाके उडवले. तुझी चुलती साखराबाई दार लावून बसली. संध्याकाळी मला म्हणाली की आबा, माझ्या लेकाला बेड्या आन् हिला फटाके, हे कावून? मास्तरकीत कवितांचे अर्थ सांगून जन्म गेला माझा, पण ह्याचा अर्थ लागेना. कायदा तू शिकलीस. तूच सांग.

जेवतेस ना वेळेवर? फोनवर बोल म्हणू नकोस. फोनमधून आवाज येतो, माणूस येत नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धोंडीराम आबा


पोलीस वसाहत,
ता. १२ मार्च २०२५

ती. आबांस योगिताचे शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेवते हो. पण इथल्या मेसवाल्याची भाकरी तुम्ही पाहिलीत तर गोफणीत घालाल.

काकूला काय सांगू? जीव वाचवण्यासाठी हात उचलायची मुभा कायद्यानं तिच्या लेकालाही दिली आहे आणि मलाही. पुस्तकात फारसा फरक नाही. फरक पुढं सुरू होतो. सटवाला आधी आत टाकलं, आता आतूनच सिद्ध करायचंय. माझ्या वेळी गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्यावरच, पोलिसावर हल्ला केला म्हणून. माझ्यावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागेल. माझ्या बाजूला सरकार उभं आहे आबा, सटवाच्या बाजूला मेंढरं.

आता जे लिहिते ते कुणाला वाचून दाखवू नका. तो पोरगा नाथा, विहिरीवरच्या मोटारींची तार चोरायचा. आम्हाला बघून कोयता घेऊन पळाला. बांध चढताना कोयता हातातून पडला. तो मी पाहिला, मातीत पडलेला. तरीही मी झाडली. नेम पायावर होता. त्याच क्षणी तो बांधावर हात टेकायला वाकला आणि गोळी पाठीत गेली.

मोठ्या साहेबांनी माझा जबाब तयार करून दिलाय. त्यात नाथा कोयता उगारून माझ्यावर वळला असं आहे. दंडाधिकाऱ्यांपुढं तेवढंच सांगायचं, मग सगळं मिटतं. साहेब माणूस वाईट नाही. पोरी, तुझं आत्ता कुठं सुरू झालंय, असं म्हणाले आणि स्वतःच्या डब्यातली पोळी मला वाढली.

पुढच्या आठवड्यात तारीख आहे. मी काय करू?

आपल्या पायांशी असलेली,
योगिता


नांदूरघाट,
ता. १६ मार्च २०२५

चि. योगिता हिला आबाचे आशीर्वाद, आणि जरा रागही.

पत्र मोठ्यानं वाचायची आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. साखराबाई समोर बसली होती. नको तो भाग गाळून पुढं जाऊ म्हटलं, तर जीभच अडखळली. ती म्हणाली की आबा, तुमी उभी पुस्तकं न थांबता म्हणता, आजच कावून अडकलात? शेवटी वाचलं.

मग साखराबाई म्हणाली की माझ्या सटवाला खरं सांगताना कुणी पोळी वाढली न्हाई. एवढं बोलून शेळ्या सोडायला निघून गेली. तुझ्यावर रागावली आहे का, ते मला कळलं नाही. रात्री तुझ्यासाठी म्हणून शेंगदाण्याची चटणी मात्र कुटत होती.

आता माझं ऐक. वर्गात खरं बोललो म्हणून मी छडी खाल्ली आहे. न्याय मला कळतो. पण नातू आत आहे, आता नात आत जाणार असेल तर मला तो न्याय नको. साहेब म्हणतात तेच सांग. मेलेला काही परत येत नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, तरी लिहितो. म्हातारा भ्याला, असं समज.

चटणी एसटीनं पाठवली आहे, कंडक्टरला ओळख सांगून घे.
कधी नव्हे ती माझी आज्ञा पाळ, एवढंच मागणं.
आबा


पोलीस वसाहत,
ता. २९ मार्च २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

चटणी पोचली. आज्ञा पाळली नाही.

दंडाधिकाऱ्यांनी विचारलं की कोयता कुठं होता. साहेबांनी दिलेलं सगळं मला पाठ होतं. पण पाठ केलेलं म्हणताना माझा श्वास कुठं तुटतो हे तुम्हाला माहीत आहे, लहानपणी तुम्हीच पकडायचात. मी म्हणाले, मातीत होता, आणि तो पळत होता. लिहून घेणाऱ्या बाईंचा हात थांबला. दंडाधिकाऱ्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

निलंबनाचा कागद आलाय. पुढं माझ्यावर गुन्हा दाखल होईल असं वकील म्हणतात. साहेब एवढंच म्हणाले की फार वेडी आहेस, आणि मान फिरवून गेले. कालपर्यंत चहा आणून देणारे आता वाट बदलतात.

त्या दिवशी कचेरीबाहेर पायरीवर एक बाई पिशवी घेऊन बसली होती. नाथाची आई. तिचा लेक पोलिसावर धावून गेला, असंच गावानं तिला ऐकवलंय. मी तिच्या समोरून गेले. थांबायचं धाडस झालं नाही. खरं दंडाधिकाऱ्यांपुढं बोलता आलं आबा, तिच्यापुढं नाही.

काकूला सांगा, सटवाच्या जामिनासाठी मी चांगला वकील बघितला आहे. भीती वाटते. पण झोप लागते.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.
योगिता


नांदूरघाट,
ता. ५ एप्रिल २०२५

चि. योगिता हिला आबाचे आणि साखराबाईचे मिळून आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यावेळी काही न गाळता वाचलं. साखराबाईनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली की घरी ये म्हणावं तिला, तिथं काय उपाशी बसलीय. पारावरची पोरं आता तुला मूर्ख म्हणतात. मी त्यांना म्हणालो की बेट्यांनो, तुमचे फटाके लई महाग पडले मला. मी भ्यालो होतो, अजूनही भितोच. पण काल बऱ्याच दिवसांनी शेळ्यांमागं जाताना कविता आपोआप तोंडात आली, अन् पुरी झाली.

ये लवकर. नोकरी नसली तरी मेंढरं आहेत, त्यांना फौजदारीण चालते, आणि

वाक्य अर्धं राहिलं. दारात एक बाई आली आहे. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, एसटीच्या धुळीनं माखलेली. फौजदारीण योगिताचं घर हेच का, असं विचारतेय. कुठल्या म्हणून विचारलं, तर म्हणाली की भिवराबाई, नाथाची आई.

साखराबाईनं चुलीपासून उठून तांब्या भरून नेला. बाई पाणी घेत नाही, उंबऱ्याबाहेरच उभी आहे. म्हणते की पाणी मागनं पिते, आधी एक सांगा. माझा लेक पळत होता, अंगावर गेला न्हाई, असं तुमची पोरगी खरंच बोलली का?

मी हो म्हणालो. तुझं पत्र तिला दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून ‘तो पळत होता’ ह्या ओळीवर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं.

आता ती चपला काढतेय. कागद बाजूला ठेवतो, योगिता.